निवडणे, उभे राहणे, बसणे : वऱ्हाडातील स्थानिक निवडणुकांचा व्यवहार

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर हे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील गाव. विदर्भाची प्राचीन राजधानी व रुक्मिणीचे माहेर म्हणून त्याची ख्याती आहे. रुक्मीने बहिणीसाठी शिशुपाल हा वर ठरविला आणि रुक्मिणीने तो नाकारून श्रीकृष्णाकडे पत्र धाडले, ही कथा सर्वश्रुतच आहे. वर ठरविणारा एक आणि वरणारी दुसरी, हा त्या कथेतील पेच स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांतही आढळतो. उमेदवार ठरविणे आणि मत देणे या दोन क्रिया तेथेही भिन्न हातांत असतात. मराठीत मात्र दोहोंना ‘निवड’ हा एकच शब्द चालतो.

‘निवडणे’ हे मुळात घरगुती क्रियापद होय. गहू निवडतात, पालेभाजी निवडतात. चांगले उचलण्यापेक्षा खडे व किडके बाजूस काढण्याचा भाव त्यात अधिक. ‘वागणूक’, ‘मिरवणूक’ यांप्रमाणे त्यास ‘-णूक’ प्रत्यय लागून सिद्ध झालेला ‘निवडणूक’ हा शब्द राज्यव्यवहारात रूढ झाला, तेव्हा हा भाव मागे पडला. सूप घेऊन बसलेल्या गृहिणीपुढे सगळे धान्य असते. मतदारापुढे येते ते एकदा निवडून झालेले. ती पहिली निवड कोण करतो, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिले गेले. विस्कॉन्सिन राज्याने १९०३ मध्ये कायदा करून पक्षाचा उमेदवार ठरविण्याचा अधिकार पक्षाच्या मेळाव्याकडून काढून मतदारांकडे दिला. पुढे ही प्राथमिक निवडणुकीची प्रथा इतर राज्यांत पसरली. महाराष्ट्रात तशी तरतूद नाही. येथे तिची जागा एका कागदाने घेतली आहे. त्यास सर्वत्र ‘एबी फॉर्म’ म्हणतात. त्याच्या ‘ए’ भागात पक्ष आपल्या वतीने उमेदवार ठरविणाऱ्या पदाधिकाऱ्याचे नाव कळवितो आणि ‘बी’ भागात तो पदाधिकारी उमेदवाराचे नाव कळवितो. मुदतीच्या आत हा कागद निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचला नाही, तर पक्षाचे चिन्ह मिळत नाही. प्रभागातील सहस्रावधी मतदारांची त्यावर सही नसते, हे सांगावयास नको.

या पहिल्या निवडीची भाषाही पाहण्याजोगी आहे. ‘तिकीट मिळाले’ हा प्रयोग सरळ आहे; पण वाहकाने तिकीट फाडले की प्रवास सुरू होतो, आणि पक्षाने तिकीट ‘कापले’ की तो थांबतो. उमेदवार प्रथम ‘उभा राहतो’. कोणी समजूत घातली, किंवा आणखी काही घातले, की तो ‘बसतो’. न बसल्यास ‘पडतो’, नाही तर ‘निवडून येतो’. यांतील ‘बसणे’ कायद्याच्या भाषेत ‘उमेदवारी मागे घेणे’ होय. अधिनियमात त्यासाठी एक दिनांक असतो, एवढेच. त्या दिनांकापूर्वी काय काय घडते याचा अंदाज लोकभाषेतील प्रयोजक रूपावरून येतो. अमुक उमेदवारास अमक्याने ‘बसविले’ असे लोक म्हणतात, आणि त्या वाक्यात कर्ता निराळा असतो.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हांवर होत नाही. म्हणून कौंडण्यपुरासारख्या गावात एबी फॉर्मचा प्रश्न उद्भवत नाही. तेथे ‘पॅनेल’ असते, आणि ते कोणाच्या ओसरीवर ठरले हे गावाला ठाऊक असते. तेथील मतदार आपल्या प्रभागातील सदस्यांस मत देतोच. शिवाय सबंध गावाचा सरपंचही स्वतः निवडतो. सरपंचाची ही थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. पंचायत समितीच्या गणासाठी व जिल्हा परिषदेच्या गटासाठी त्याची मते निराळी. मात्र तेथील सभापती व अध्यक्ष सदस्यच निवडतात.

अमरावती वा अकोला शहरातील रहिवाशाची स्थिती याहून वेगळी आहे. अमरावतीची महानगरपालिका १९८३ मध्ये व अकोल्याची २००१ मध्ये अस्तित्वात आली. २१ फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत अमरावतीत २२ प्रभागांत ८७ जागा होत्या, अकोल्यात २० प्रभागांत ८०. म्हणजे बहुतेक प्रभाग चार जागांचे. या जागांस अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात. प्रत्येक जागेचे आरक्षण स्वतंत्र, उमेदवारांची यादीही स्वतंत्र. मतदाराने प्रत्येक जागेसाठी एकेक मत द्यावयाचे. एकाच जागेवर दोन मते देता येत नाहीत. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्याची तरतूद २०११ मध्ये झाली.

चार मते हाती आली म्हणून शहरवासी अधिक बलवान झाला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तुंबलेल्या नाल्याची तक्रार चौघांपैकी कोणाकडे न्यावी, येथेच त्याची अडचण सुरू होते. ‘आमचा नगरसेवक’ या एकवचनी प्रयोगास प्रभागपद्धतीत निश्चित अर्थ उरलेला नाही. महापौर तर नगरसेवक आपसांतून निवडतात. ते पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे सोडतीने ठरते. अचलपूरसारख्या नगरपरिषदेचा मतदार आपला अध्यक्ष थेट निवडतो, कौंडण्यपूरचा मतदार सरपंच निवडतो. महानगरातील नागरिकास मात्र शहराचा प्रथम नागरिक निवडता येत नाही. वस्ती वाढावी आणि मताची पोच तोकडी व्हावी, ही व्यवस्था विचार करावयास लावणारी आहे.

त्यातही मध्यंतरी मतदानच झाले नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी दिलेला निर्णय वाशीम, अकोला आदी जिल्हा परिषदांच्या जागांवरून उद्भवला होता. त्यानंतरचा वाद व प्रभागरचनेतील फेरबदल यांत राज्यातील अनेक संस्थांच्या निवडणुका अडकल्या. मार्च २०२२ मध्ये अमरावती व अकोला या दोन्ही महानगरपालिकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढील मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात चार प्रतिनिधींपैकी कोणाकडे जावे हा प्रश्नच नव्हता.

मतदारयादीविषयी एक गैरसमज नेहमी आढळतो. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, परंतु तो स्वतंत्र यादी करीत नाही. विधानसभेची यादी घेऊन तिची प्रभागवार फोड केली जाते. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर नाव शेजारच्या प्रभागात गेले असल्यास हरकत घेता येते. विधानसभेच्या यादीत मुळीच नसलेले नाव त्या वेळी नव्याने घालता येत नाही. त्यासाठीचा अर्ज त्यापूर्वीच, विधानसभेच्या यादीसाठी, करावा लागतो.