पोटातली ओ-रिंग

संपादकांना खेळण्यांच्या संग्राहकांवर लेख हवा होता. काचेची कपाटं, डोळे पांढरे करणाऱ्या किमती, आणि पन्नाशीला आलेले गृहस्थ अजून प्लॅस्टिकच्या सैनिकांत का रमतात याचं थोडं मिश्कील उत्तर. कपाटं पाहिली, किमतीही ऐकल्या. पण डोंबिवलीच्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरून एका संग्राहकाने ‘जी. आय. जो’ मालिकेतल्या सैनिकाच्या पाठीतला स्क्रू फिरवायला घेतला, आणि किमतींचा विषय मागे पडला.

सैनिक पावणेचार इंचांचा. पाठीत एकच स्क्रू. तो निघाला की छाती आणि पाठ अशी दोन कवचं सुटी होतात, हात खांद्याच्या खोबणीतून गळून पडतात, मुंडकंही हातात येतं. आत एक काळी रबरी ओ-रिंग असते. वर ती धडातल्या खुंटीला अडकवलेली, आणि खाली कमरेच्या तुकड्यातून जाऊन दोन्ही पाय जोडणाऱ्या धातूच्या आकड्यात गुंतवलेली. रिंग सतत ताणलेली असते. त्या ताणामुळे पाय कमरेला आणि कंबर धडाला घट्ट बसते, तरी कंबर फिरते, तंगड्या फाकवता येतात, गुडघा टेकून बसवलेला सैनिक तसाच बसून राहतो. “इथे चिकटवलेलं काहीच नाही, मॅडम,” ते म्हणाले. “एक स्क्रू आणि एक रबर, बस्स. अख्खा माणूस त्यावर उभा आहे.”

या खेळण्याचा अधिकृत इतिहास सांगायला फार वेळ लागत नाही. १९६४ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या हॅस्ब्रो कंपनीने बारा इंची जी. आय. जो बाजारात आणला. मुलगे बाहुली म्हटली की हात लावणार नाहीत, म्हणून तिला ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हणायचं ठरलं. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला. त्याची खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीचा माल नाताळपर्यंत तयारच झाला नाही, म्हणून तिने पुठ्ठ्याचं पाकीट आणि त्यात ‘पुढे पाठवू’ असं हमीपत्र विकलं. ते रिकामं पाकीटही आज संग्राहक जपून ठेवतात. केनरच्या पावणेचार इंची बाहुल्यांना मान, खांदे आणि जांघा एवढेच पाच सांधे होते. १९८२ साली हॅस्ब्रोने त्याच उंचीचा जी. आय. जो काढला, पण कोपर, गुडघे आणि कंबरही हलणारी. १९८३ मध्ये दंडही फिरू लागला, तेव्हा कुठे बंदूक दोन्ही हातांत नीट धरता आली.

आपल्याकडे हे सैनिक फनस्कूलने आणले. टायर बनवणारी एमआरएफ, म्हणजे मूळची मद्रास रबर फॅक्टरी, आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ साली ही कंपनी उभी केली. तिचा एक कारखाना गोव्यात आहे. साचे हॅस्ब्रोचे, पण रंग बऱ्याचदा वेगळे. अमेरिकेत हिरव्या कपड्यांत दिसलेला गडी इथे भलत्याच रंगात उतरायचा. तेव्हा ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. आता त्याच वेगळेपणासाठी परदेशातले संग्राहक फनस्कूलचा माल शोधत असतात.

टेबलावरचा सैनिक फनस्कूलचाच होता. चिमट्याने जुनी रिंग उचलायला गेले तर ती उचललीच गेली नाही. काळा भुगा होऊन टॉवेलवर सांडली. नव्या रिंगा त्यांनी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणल्या आहेत, पंप आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग मिळतात तिथून. मापाचा कागद नेला नव्हता, उघडलेला सैनिकच काउंटरवर ठेवला होता. रिंग जाड निघाली तर पाय ताठ होतात आणि कमरेच्या तुकड्यावर ताण येऊन तो मोडतो. पातळ निघाली तर सैनिक उभाच राहत नाही. त्यांनी क्रोशाच्या सुईने नवी रिंग आकड्यातून ओढली, हात आणि मुंडकं जागच्या जागी धरून कवच मिटवलं आणि स्क्रू आवळला. शेवटचा अर्धा फेरा मात्र मुद्दाम सोडला. “लोक इथेच जोर लावतात,” ते म्हणाले. “प्लॅस्टिक तडकतं.” बंदूक हातात द्यायच्या आधी त्यांनी सैनिकाचे पंजे कोमट पाण्यात बुडवले. थंड अंगठा टचकन तुटतो, आणि अंगठा तुटलेल्या सैनिकाला बाजारात निम्मा भावही येत नाही.

खरी पंचाईत बंद पाकिटांची आहे. संग्राहकांच्या बाजारात माल ‘लूज’ असतो किंवा ‘कार्डेड’. पुठ्ठ्यावर पारदर्शक फुगा, आत न हाताळलेला सैनिक, म्हणजे कार्डेड. भाव त्यालाच. अमेरिकेत अशा मालाला शंभरपैकी गुण देऊन तो अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत बंद करून देणाऱ्या कंपन्या आहेत. १९६४च्या जी. आय. जोचा मूळ हाताने बनवलेला नमुना २००३ साली २ लाख डॉलरला गेला, तेव्हापासून या खेळाकडे गुंतवणूक म्हणून बघणारेही वाढले. पण रबराला पाकीट कळत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला खात असतात, आणि ताणून ठेवलेल्या रबराला चिरा लवकर पडतात. पाकिटातल्या सैनिकाची रिंग कारखाना सोडल्यापासून ताणलेलीच असते. चाळीस वर्षांनी एखाद्या दिवशी ती तुटते आणि सैनिक फुग्याच्या आतच दोन तुकडे होऊन पडतो. रिंग दहा रुपयांची. ती बदलायची तर पाकीट फोडावं लागतं, आणि फोडलं की भाव कोसळतो. ज्या खेळण्याची दुरुस्ती पाच मिनिटांत होते, ते केवळ महाग आहे म्हणून दुरुस्त करता येत नाही.

नव्या मालाने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला आहे. हॅस्ब्रोचे २०२० पासूनचे सहा इंची सैनिक जास्त सफाईदार आहेत. त्यांत रिंग नाही, आणि पाठीत स्क्रूही नाही. सांधा तुटला तर घरी उघडून बसवायची सोय नाही. ते आणणंही सोपं राहिलेलं नाही: खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर.

डोंबिवलीच्या घरात बंद पाकिटं उरलेली नाहीत. या गृहस्थांनी एकेक करून सगळी उघडली. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढले, मग फुगा खालच्या कडेने ब्लेडने कापला, पुठ्ठा आणि मागचं माहितीचं कार्ड सपाट ठेवून दिलं. छपाई, किमतीचं लेबल, मूळ मांडणी हा सुद्धा पुरावा आहे, हे त्यांना मान्य आहे. प्रत्येकाने प्रत्येक पाकीट फोडावं असं ते म्हणत नाहीत. पण ज्याला विकायचं नाही त्याने बंद ठेवून काय राखलं, या त्यांच्या प्रश्नावर मला उत्तर सुचलं नाही. अधूनमधून ते जास्तीचा एखादा सैनिक विकतात. फोटो पाठवला की गिऱ्हाईक पहिलं विचारतं, कार्ड फोडलंय का? रिंग कधी बदलली, असं अजून कुणी विचारलेलं नाही.