रक्तातून रक्तवाहिनी

"शुगर होती, शेवटी अंगठा काढावा लागला." परभणी, गंगाखेड, जिंतूर भागातल्या माणसांना हे वाक्य नवं नाही. मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा आटतो आणि साधी जखमही चिघळते. बिडी ओढणाऱ्या तरुणांना गाठणाऱ्या बर्जर आजारात हातापायांच्या वाहिन्या गुठळ्यांनी बंद होतात. तिथं नवी वाहिनी उगवून आणता येईल का?

तिचं बी, म्हणजे वाहिनी बनवू शकणाऱ्या पेशी, रक्तातच फिरतं, असं ताकायुकी असाहारा आणि जेफ्री इसनर यांच्या बोस्टनमधल्या गटानं १९९७ साली 'सायन्स'मध्ये मांडलं. मोठ्या माणसात नव्या वाहिन्या फक्त जुन्यांना फुटवे येऊन तयार होतात, हा तोवरचा समज. जगभरच्या प्रयोगशाळा या पेशींच्या मागे लागल्या.

त्या मिळवण्यासाठी रक्त एका दाट द्रावावर अलगद सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि मधे पांढुरका पातळ थर दिसतो. तो पिपेटनं उचलून कोलॅजनचा लेप दिलेल्या ताटलीत पेरायचा, ३७ अंशांवर ठेवायचा, खाद्यद्रव बदलत राहायचं. चार-पाच दिवसांत लांबट पेशी दिसू लागतात आणि तिथंच अनेकांची फसगत झाली.

त्या पेशी मुळात पांढऱ्या पेशींच्याच कुळातल्या होत्या. इंडियानातल्या मर्विन योडर यांच्या गटानं २००७ साली याचा सुंदर पुरावा दिला. पॉलिसायथेमिया व्हेरा या रक्तविकाराच्या रुग्णांत रक्तपेशींच्या जनुकात एक ठरावीक बिघाड असतो. लवकर उगवलेल्या वसाहतींत तो सापडला. उशिरा, दोन-तीन आठवड्यांनी उगवणाऱ्या वसाहतींत नव्हता.

उशिरा येणाऱ्या या पेशीच खऱ्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या घट्ट बसवलेल्या फरशीसारख्या दिसतात. त्यांच्यावर सीडी३१ आणि सीडी१४६ या खुणा असतात, पांढऱ्या पेशींची सीडी४५ नसते. जेलवर ठेवल्या की काही तासांत नळ्यांचं जाळं विणतात, उंदरात रोपल्या तर रक्त वाहणारी वाहिनी बनवतात. पण फार दुर्मीळ! प्रौढाच्या ५ ते २० मिलीलिटर रक्तात जेमतेम एक. नाळेच्या रक्तात त्या कितीतरी जास्त मिळतात.

मधुमेहींच्या रक्तातून वाढवलेल्या पेशी नळ्या विणण्यात कमी पडतात, असं २००२ पासूनचे अभ्यास सांगतात. ज्याला गरज जास्त, त्याचंच बियाणं कमजोर. हे खरं दुखणं आहे.

भारतात बर्जर आजारासाठी बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या पेशी-उपचाराला २०१६ मध्ये मर्यादित मान्यता मिळाली. पण त्या पेशी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या, वेगळ्या जातीच्या. रक्तातून वाढवलेल्या वाहिनी-पेशींचा उपचार अजून संशोधनातच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा अप्रमाणित उपचार नोंदणीकृत चाचणीतच देता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पायाची जखम दाखवायला गेलेल्या माणसाला कुणी 'स्टेम सेल'चं पॅकेज सांगितलं, तर घरच्यांनी आधी चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे नोंदणी क्रमांक मागावा.