पाहुण्यांची सुटी, आपली ड्युटी

आलिशान यॉटवर स्टुअर्डेसची नोकरी म्हणजे फुकटात जगप्रवास, असा अनेकांचा समज असतो. या झगमगाटामागचे कष्ट किती आणि फसवणुकीचे धोके कोणते?

रायपूरला लागून असलेले बीरगांव ही कारखान्यांची वस्ती. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. अशा गावातल्या एखाद्या मराठी घराची कल्पना करा. बाबा नोकरीसाठी भंडाऱ्याहून येऊन इथेच स्थायिक झालेले. मुलगी हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली. एके दिवशी तिच्या मोबाइलवर फोटो येतो. पांढरीशुभ्र यॉट, निळेशार पाणी, गणवेशातल्या हसऱ्या मुली. खाली मजकूर असतो, 'पगार डॉलरमध्ये, राहणे-जेवण मोफत. फक्त दोन लाख रुपये भरा, पंधरा दिवसांत नोकरी.' मुलगी हरखून जाते, आईच्या पोटात गोळा येतो आणि बाबा मुदत ठेवीची पावती शोधू लागतात.

थांबा! ती पावती कपाटातच राहू द्या. आधी ही नोकरी नेमकी कशी असते, ते जाणून घ्या.

घरकामच, पण काटेकोर

यॉट म्हणजे श्रीमंतांचे तरंगते घर. साधारणपणे २४ मीटर किंवा त्याहून लांब यॉट मोठी समजली जाते. काही यॉट मालक स्वतःसाठीच ठेवतात, तर काही पाहुण्यांना भाड्याने दिल्या जातात. या घराची आतली सारी व्यवस्था स्टुअर्ड आणि स्टुअर्डेस यांच्या हाती असते.

पाहुणे उठण्यापूर्वी नाश्त्याचे टेबल मांडून तयार हवे. ते डेकवर गेले की खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या, बाथरूमच्या नळावर पाण्याचा एक डागही राहू द्यायचा नाही. मग कपडे धुणे, इस्त्री, चांदीची भांडी, फुलांची सजावट. रात्रीचे जेवण वाढून झाल्यावर पुन्हा खोल्या नीट करायच्या. कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, कोणाला चहात साखर चालत नाही, हे सारे आधीच भरून घेतलेल्या फॉर्मवरून पाठ करावे लागते.

घरी स्वतःचे ताट न उचलणाऱ्या मुलीने हे काम पत्करण्यापूर्वी दहादा विचार करावा. झोपायला लहानशी खोली, तीही दुसऱ्या मुलीबरोबर वाटून घ्यायची. बर्थ एकावर एक. दिवाळी असो की घरातले लग्न, हंगाम सुरू असेल तर सुटी मिळणे कठीण. उन्हाळ्यात भूमध्य समुद्र, हिवाळ्यात कॅरिबियन बेटे असा यॉटचा हंगाम फिरत असतो. बंदरे अनेक लागतात, पण ती बहुधा खिडकीतूनच पाहायची!

याची दुसरी बाजूही आहे. राहण्या-जेवणाचा खर्च नसल्याने पगारातला मोठा हिस्सा शिल्लक पडतो. भाड्याच्या यॉटवर पाहुणे जाताना बक्षिसी देतात आणि ती सर्व कर्मचाऱ्यांत वाटण्याची पद्धत आहे.

गोव्याच्या माणसांची परंपरा

जहाजावर वाढप्याचे काम आपल्याकडे नवे नाही. ब्रिटिश काळात मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर आचारी आणि स्टुअर्ड म्हणून गोव्याची माणसे मोठ्या संख्येने असत. दोन सफरींच्या मधल्या काळात ती मुंबईत धोबी तलाव आणि आसपासच्या 'कूड' नावाच्या क्लबांत राहत. प्रत्येक कूड एकेका गावाचा. नवख्या मुलाला कोणती बोट चांगली, कोणता दलाल लबाड, हे तिथे गावातलेच जाणते लोक सांगत. बीरगांवच्या मुलीला असा कूड नाही. म्हणूनच तिने आणि तिच्या आईबाबांनी नियम स्वतः जाणून घेतले पाहिजेत.

नोकरीसाठी पैसे? मुळीच नाही

सागरी कामगारांसाठी २००६ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल कामगाराकडून शुल्क घेता येत नाही. पासपोर्ट, सीमन बुक म्हणजेच सीडीसी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च तेवढा आपला. व्हिसाचा खर्चही मालकाने करायचा असतो. त्यामुळे 'दोन लाख भरा' म्हणणारा एजंट पहिल्याच वाक्यात उघडा पडतो.

भारतात खलाशांची भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात. एजंटचा परवाना क्रमांक मागा आणि महासंचालनालयाच्या वेबसाइटवर तो पडताळून पाहा. 'पर्यटक व्हिसावर जा, तिथे काम मिळेल' असे कोणी सांगितले, तर त्या वाटेला जाऊच नका. परदेशात पकडले गेल्यास एजंट मदतीला येत नाही.

त्याच करारानुसार चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. करार संपल्यावर घरी परतण्याचे भाडेही मालकाकडे. मात्र निव्वळ खाजगी वापराच्या यॉटना सहसा हा करार लागू होत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी यॉट भाड्याची की खाजगी, कोणत्या देशात नोंदलेली, पगार कोण देणार, हे लेखी घ्यावे. छळ किंवा गैरवर्तन झाल्यास तक्रार कोणाकडे करायची, हेही आधीच विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

तयारी कशी करावी?

वय १८ पूर्ण असावे. पोहता येणे, इंग्रजी बोलता येणे आणि हॉटेलमधील कामाचा अनुभव उपयोगी पडतो. मान्यताप्राप्त संस्थेतून एसटीसीडब्ल्यूचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे. त्यात समुद्रात जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार असे विषय असतात. स्टुअर्डेस केवळ सरबत वाढत नाही, संकटात पाहुण्यांना सुरक्षित बाहेर काढण्याची जबाबदारीही तिच्यावर असते.

एकदम परदेशी यॉटची स्वप्ने पाहण्यापेक्षा आधी मोठ्या हॉटेलात वर्ष-दोन वर्षे काम करावे. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून भारतीय कंपनीच्या क्रूझ सफरी सुरू झाल्या. अशा जहाजावर समुद्र आपल्याला मानवतो की नाही, हे घराजवळच कळू शकते.

आईबाबांनीही मुलीच्या इच्छेला सरसकट नकार देऊ नये. 'लोकांची उष्टी काढायला एवढी शिकलीस का?' असे बोलून तिचे मन मोडू नका. प्रामाणिक कष्टात कमीपणा नसतो. तिच्याजवळ बसा, कागदपत्रे एकत्र वाचा, परवाना तपासा. सारे नियमानुसार असेल तर तिला आनंदाने निरोप द्या. आणि एजंटने पैसे मागितले, तर त्याला दारातूनच वाटेला लावा. त्या वेळी मुलीची एक नोकरी हुकल्यासारखी वाटेल, पण घरातली पुंजी आणि तिचा विश्वास दोन्ही शाबूत राहतील.