दोन शपथांच्या मधलं साल

पत्रावर 'छ' आहे, म्हणजे पुढे मुसलमानी महिन्याची तारीख. मग मंदवासर, म्हणजे शनिवार. साल नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होतं, शोधायचं आहे मला.

माझ्या रहस्यकादंबरीतलं कोडं सातारच्या गादीचं. शाहू महाराजांना वारस नव्हता. ताराबाईंनी सांगितलं, माझा नातू जिवंत आहे, लपवून वाढवलाय. १५ डिसेंबर १७४९ला महाराज गेले, तो नातू म्हणून रामराजे गादीवर आले. इतिहासकार ग्रँट डफ लिहितो की ताराबाई ज्ञातीसमोर त्यांच्यासोबत जेवल्या आणि त्या अन्नाची शपथ घेऊन त्यांनी नातू ओळखला. पेशव्यांना दूर करायला रामराजे तयार होईनात, तेव्हा १७५०च्या नोव्हेंबरात ताराबाईंनीच त्यांना किल्ल्यावर कैद केलं. सप्टेंबर १७५२मध्ये जेजुरीला खंडोबापुढे दुसरी शपथ झाली : हा माझा नातू नव्हे.

शोध घेणारे माझे दोघं कल्पित आहेत. मुदपाकखान्यातली एक बाई, तिनं ते जेवण वाढलंय. आणि फडावरचा एक कारकून. त्याचं काम हाताखालून गेल्याशिवाय मला तो लिहिता येईना, म्हणून मोडी लिपी शिकले.

मोडीत आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही. वर्गात बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, 'मान्यनाहीतर'. मान्य, नाहीतर...? की मान्य नाही, तर...? अख्खा तह फिरेल एवढा हा फरक, आणि तो फक्त मागच्यापुढच्या ओळी लावूनच कळतो.

साल दिलेलं असलं तरी ते अरबी शब्दांत, उलट्या क्रमानं. 'सलास खमसैन मया व अलफ' : तीन, पन्नास, शंभर, हजार. म्हणजे ११५३. त्यात ५९९ मिळवले की १७५२. पण हे साल मृगाला बदलतं, त्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. बिनसालाच्या पत्राला मोडकांची जंत्री घ्यायची आणि कुठल्या वर्षी त्या तारखेला शनिवार पडतो ते बघायचं. मुसलमानी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून एका दिवसाची तफावत पोटात घालावी लागते. मजकुराशी ताडल्याशिवाय त्या शनिवारावर भरवसा नाही.

हे पत्र मी कैदेच्या आधीचं धरून चालले होते. वार जुळेना. पुढच्या वर्षात जुळला, आणि त्यावर रचलेलं अख्खं प्रकरण गेलं. वाईट वाटलं, पण कारकून तिथेच मला नीट दिसला. ताराबाई खोटं बोलल्या का, हे तो विचारत नाही. त्या कधी बोलल्या, तेव्हा फौज कोणाच्या हातात होती, हे विचारतो. पेशव्यांनी तोतया ठरलेल्या रामराजांना गादीवरून काढलं नाही. १७७७मध्ये ते छत्रपती म्हणूनच वारले. माझा कल पहिल्या शपथेकडे आहे.

जेवणाचा प्रसंग आता मुदपाकखान्यातल्या बाईच्या नजरेतून पुन्हा लिहायला घेतलाय. पंगतीत सगळे ताराबाईंचा चेहरा बघताहेत. ती हात बघतेय, पहिला घास उचलायला किती वेळ लागतो ते.