संगणकाचे दुखणे दूरच्या मदतनिसाला कसे सांगावे?

संगणक बिघडला की शहरातला माणूस तो उचलून दुकानात नेतो. नायगावसारख्या तालुक्याच्या गावी किंवा त्याहून आतल्या खेड्यात हे तितके सोपे नसते. नांदेड पन्नासएक किलोमीटर दूर. दुरुस्ती करणारा येणार तो त्याच्या सवडीने, आणि यंत्र त्याच्याकडे न्यायचे तर एसटीत मांडीवर घेऊन. म्हणून आता बरेच जण दुसरा मार्ग धरतात. मोबाइल हातात घेऊन इंटरनेटवरून कोणाला तरी विचारतात. तो कधी पुण्याला गेलेला जुना विद्यार्थी असतो, कधी दुसऱ्या जिल्ह्यातला शिक्षक, तर कधी पूर्णपणे अनोळखी, पण जाणकार माणूस.

अशी मदत बहुधा फुकट मिळते आणि पुष्कळदा चांगलीही असते. तरीही ‘विचारून काही उपयोग झाला नाही’ असे म्हणणारे कमी नाहीत. याचे कारण मदत करणाऱ्याच्या ज्ञानात क्वचितच असते. त्याला आपला पडदा दिसत नाही, पंख्याचा आवाज ऐकू येत नाही, तार सैल आहे का हे हात लावून पाहता येत नाही. त्याच्यापाशी असतात फक्त आपले शब्द, आणि तेच अपुरे असतात.

प्रयोगवहीत आपण विद्यार्थ्यांकडून साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळे लिहून घेतो. ‘द्रावण आम्लधर्मी आहे’ असे कोणी निरीक्षणात लिहिले तर आपण गुण कापतो. निरीक्षण म्हणजे ‘निळा लिटमस तांबडा झाला’. संगणकाबद्दल विचारताना मात्र आपण स्वतः हा नियम विसरतो. ‘व्हायरस शिरला आहे’, ‘साइट बंद आहे’, ‘विंडोज उडाली’ ही सगळी अनुमाने झाली. दूरच्या माणसाला हवे असते ते निरीक्षण.

एक उदाहरण सविस्तर पाहू. जूनच्या मध्यात शाळा उघडते. दीड महिना बंद असलेला कार्यालयातला संगणक सुरू होतो. शालार्थमध्ये पगारबिलाचे काम आहे किंवा यू-डायस प्लसवर माहिती भरायची आहे आणि मुदत तोंडावर आली आहे. संकेतस्थळ काही उघडत नाही; पडद्यावर लाल खुणेसह धोक्याची सूचना येते. गुरुजी लिहितात, ‘साइट उघडत नाही. अर्जंट. कृपया मदत करा.’ उत्तरे येतात: राउटर बंद करून चालू करा, ब्राउझर काढून पुन्हा टाका, विंडोज नव्याने टाका. यातले एकही उत्तर मूर्खपणाचे नाही, कारण ‘साइट उघडत नाही’ या वर्णनात ती सगळीच बसतात. पण तिसरा सल्ला कोणी घाईने अमलात आणला, तर त्या संगणकातले दहा वर्षांचे निर्गम उतारे आणि निकालपत्रके पुसली जाण्याचा धोका असतो. तेव्हा अपुऱ्या वर्णनाची किंमत केवळ वेळेत मोजून चालत नाही.

आता तीच गोष्ट अशी लिहिली असती तर? ‘विंडोज १० आहे. संगणक दीड महिना बंद होता. आज सुरू केल्यावर कोणतेही संकेतस्थळ उघडताना “कनेक्शन सुरक्षित नाही” अशी सूचना येते आणि खाली “सर्ट डेट इन्व्हॅलिड” हे शब्द दिसतात. याच वाय-फायवर मोबाइलमध्ये सर्व व्यवस्थित उघडते. कोपऱ्यातली तारीख २०१३ सालची दिसते.’ जाणकार माणूस एका ओळीत उत्तर देईल: मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला आहे, तारीख नीट लावा, काम उरका, मग सेल बदला. गंमत अशी की उत्तर पडद्यावरच्या शब्दांतच होते. ‘डेट’ हा शब्द तिथे ठळकपणे लिहिलेला होता; आपण सारांश करताना नेमका तोच गाळला. म्हणून सूचनेचा सारांश कधीही करू नये. ती जशीच्या तशी उतरवावी किंवा तिचे छायाचित्र पाठवावे.

तारखेचा आणि संकेतस्थळाचा संबंध काय, असे विद्यार्थी विचारतील. सुरक्षित संकेतस्थळ प्रत्येक भेटीत आपल्या ब्राउझरला एक ओळखपत्र दाखवते. त्यावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध’ असे नोंदलेले असते. ब्राउझर ही तारीख आपल्याच संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २०१३ साल दाखवत असेल, तर गेल्या महिन्यात दिलेले ओळखपत्र त्याच्या लेखी भविष्यातले, म्हणून संशयास्पद ठरते. या ओळखपत्रांची मुदत सतत आखूड होत आहे. सप्टेंबर २०२० पासून ती ३९८ दिवसांपेक्षा जास्त देता येईनाशी झाली, आणि २०२५ साली झालेल्या निर्णयानुसार २०२९ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर येणार आहे. म्हणजे घड्याळ बरोबर असण्याचे महत्त्व वाढतच जाणार.

आणि घड्याळ चुकते का? संगणक पूर्ण बंद असतानाही मदरबोर्डवर एक छोटे घड्याळ चालू असते. १९८१ सालच्या आयबीएम पीसीत ते नव्हते. दर वेळी तारीख हाताने सांगावी लागे. १९८४ सालच्या पीसी-एटी या यंत्रात ते सेलसह आले आणि पुढे सर्वत्र रुळले. त्यात क्वार्ट्झचा चिमुकला स्फटिक असतो. त्याचा आकार नादकाट्यासारखा असून तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या मुलांना फळ्यावर निम्मी-निम्मी करायला सांगावी. पंधराव्या खेपेला बरोबर १ उरतो, कारण ३२,७६८ म्हणजे २ चा पंधरावा घात. इलेक्ट्रॉनिक मंडलात निम्मे करणे फार सोपे असते. पंधरा पायऱ्यांनंतर सेकंदाला एक ठोका मिळतो.

या घड्याळाला वीज पुरवणाऱ्या सेलवर सीआर२०३२ असे लिहिलेले असते. ‘२०’ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ‘३२’ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. तो लिथियमचा, ३ व्होल्टचा असून त्याची धारिता सुमारे २२० मिलिॲम्पिअर-तास असते. घड्याळ ५ मायक्रोॲम्पिअर विद्युतधारा घेते असे धरले तर २,२०,००० भागिले ५, म्हणजे ४४,००० तास, सुमारे पाच वर्षे. पण हा हिशेब संगणक कायम भिंतीच्या विजेपासून तुटलेला असेल तेव्हाचा. संगणक ‘बंद’ असला तरी भिंतीचे बटण चालू असेल, तर घड्याळ त्या विजेवर चालते आणि सेल विश्रांती घेतो. आपल्याकडे शाळा सुटताना शिपाई मुख्य बटण बंद करतो, आणि ते योग्यच आहे. भारनियमनाचे तास वेगळेच. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडेच्या आठवडे सारा भार त्या सेलवर पडतो. त्यामुळे तो कार्यालयीन इमारतीतल्या चोवीस तास जोडलेल्या संगणकापेक्षा लवकर दगा देतो आणि बहुधा सुट्टीनंतरच उघडकीस येतो. ‘दीड महिना बंद होता’ हे निरीक्षण म्हणूनच महत्त्वाचे. एरवी ते कोणाला सांगावेसेही वाटणार नाही.

‘वेळ चुकते’ एवढेच सांगूनही भागत नाही. किती चुकते ते सांगावे. वर्षांनी चुकत असेल तर संशय सेलवर जातो. बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेल निर्दोष आहे: भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असते, तेव्हा कोठे तरी कालविभाग चुकीचा निवडला गेला आहे, किंवा एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत आणि त्यांचे एकमत नाही. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच स्थानिक समजते. महिन्याला एखादा मिनिट चुकत असेल तर तो स्फटिकाचा स्वभाव आहे. हा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत अचूक असतो. त्याहून उष्ण किंवा थंड, दोन्ही वेळा तो मागे पडतो. संगणकाच्या पेटीत ४५ अंश तापमान असेल तर दिवसाला एका सेकंदाहून थोडा अधिक मागे. मराठवाड्याच्या मे महिन्यात हे सहज घडेल. इंटरनेट जोडलेले असले की दूरच्या घड्याळाशी मेळ घालून ही चूक आपोआप दुरुस्त होते. फरक वर्षांचा असेल तर मात्र तशी दुरुस्ती होईलच असे नाही.

याउलट, लक्षण तेच असूनही कारण निराळे असू शकते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अनेक संकेतस्थळे ज्याच्या भरवशावर होती असे एक मूळ ओळखपत्र मुदत संपून बाद झाले. त्या दिवसापासून बऱ्याच जुन्या, अद्ययावत न केलेल्या यंत्रांवर तारीख अगदी बरोबर असूनही धोक्याची सूचना येऊ लागली. अशा वेळी सेल बदलून काय होणार? ‘तारीख तपासली, बरोबर आहे’ हे एक नकारार्थी निरीक्षण मदतनिसाचे निम्मे काम वाचवते. मोबाइलवर तेच संकेतस्थळ उघडून पाहणे हाही एक नियंत्रित प्रयोगच आहे. वाय-फाय तेच ठेवून आपण फक्त यंत्र बदलले. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. तीन सल्ले एकदम अमलात आणले आणि यंत्र सुरू झाले, तर पुढच्या खेपेला आपण पुन्हा तिथेच.

मराठी माणसाची आणखी एक नेहमीची तक्रार म्हणजे ‘मराठी दिसत नाही’. या तीन शब्दांत तीन वेगळे आजार दडलेले असतात. जुनी प्रश्नपत्रिका उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते, तेव्हा मजकूर शाबूत असतो. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी असे. तो फॉन्ट यंत्रात नसला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. येथे मदतनिसाला एकच गोष्ट हवी असते: मजकूर निवडल्यावर फॉन्टच्या चौकटीत कोणते नाव दिसते. फॉन्ट यंत्रात नसला तरी वर्डच्या चौकटीत ते नाव राहते. नाव कळले की परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. त्यानंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांखालून घालाव्यात. जुन्या फॉन्टांत वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, आणि परिवर्तक नेमके तिथे घसरतात. दुसरा प्रकार रिकाम्या चौकोनांचा. त्यात मजकूर युनिकोडमध्येच असतो, फक्त आकार दाखवणारा फॉन्ट नसतो. तिसरा प्रकार प्रश्नचिन्हांच्या रांगेचा, आणि तो वाईट. फाइल साठवतानाच देवनागरीला जागा नसलेली पद्धत वापरली गेली आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले गेले. त्या प्रतीतून मजकूर परत मिळत नाही. मूळ प्रत शोधावी लागते.

अनोळखी माणसाला विचारताना काही पथ्ये मात्र कडक पाळावीत. आपण विचारलेले नसताना ‘तुमचा संगणक बिघडला आहे’ असे फोन करून सांगणारा मदतनीस नसतो. शोधयंत्रात सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकांवर तर मुळीच विसंबू नये. ‘हे ॲप टाका आणि आलेला आकडा मला सांगा’ असे कोणी म्हटले की थांबावे. त्या आकड्याने यंत्राचा ताबा त्याच्या हाती जातो. अशा ॲपमधून बँक खाती रिकामी केली जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो. पडद्याचे छायाचित्र पाठवण्यापूर्वी त्यात मुलांचे आधार क्रमांक किंवा आपला पासवर्ड तर नाही ना, हे पाहावे. आणि ‘सूचनेकडे दुर्लक्ष करून पुढे जा’ हा सल्ला पगारबिलाच्या किंवा बँकेच्या संकेतस्थळासाठी कधीही मानू नये. ओळखपत्र पटलेले नसताना पासवर्ड देणे म्हणजे गणवेश न पाहताच टपाल्याला मनीऑर्डर सोपवणे.

सेल बदलणे मोठ्या पेटीच्या संगणकात दहावीच्या मुलालाही जमते. वायर भिंतीतून काढावी, क्षणभर पेटीच्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार जाऊ द्यावा, खटका दाबून जुना सेल काढावा आणि अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवा बसवावा. काढलेला सेल प्रयोगशाळेतल्या व्होल्टमापीला लावून पाहावा. नवा सेल ३ व्होल्टपेक्षा किंचित जास्त दाखवतो. जुना अडीचच्या खाली असेल तर निदान बरोबर ठरले. तो तीनच्या जवळ असेल तर दोष दुसरीकडे शोधावा. हा सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नये. गिळला गेल्यास अन्ननलिका भाजते.

ज्याने मदत केली त्याला शेवटी काय झाले ते कळवणे राहूनच जाते. ‘धन्यवाद, झाले’ यात पुढच्या माणसाला उपयोगी असे काही नसते. देगलूरच्या किंवा बिलोलीच्या एखाद्या शिक्षकाला उद्या हीच अडचण आली तर त्याला मराठीत शोधून सापडावे असे लिहावे: ‘सर्ट डेट इन्व्हॅलिड अशी सूचना येत होती. तारीख २०१३ वर गेली होती. जुना सेल २.१ व्होल्ट दाखवत होता. नवा बसवला, तारीख लावली, आणि दोन रात्री मुख्य बटण बंद ठेवून पाहिले. तारीख टिकली.’