क्रमांक ७७२ : मार्कस विलिस आणि व्यावसायिक टेनिसची उतरंड

प्रस्तावना

व्यावसायिक टेनिसची चर्चा सामान्यतः जागतिक क्रमवारीतील पहिल्या दहा-वीस नावांपुरती मर्यादित राहते. वस्तुतः पुरुष एकेरीच्या या क्रमवारीत शेकडो नव्हे, तर हजारांनी मोजावी लागतील इतकी नावे असतात. तिच्या खालच्या भागातील खेळाडूंचा चरितार्थ कसा चालतो, हा प्रश्न क्रीडाशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे. प्रस्तुत लेखात मार्कस विलिस या ब्रिटिश खेळाडूच्या कारकिर्दीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. जून २०१६ मध्ये विलिस ७७२ व्या क्रमांकावर होता आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो विंबल्डनच्या सेंटर कोर्टवर रॉजर फेडररविरुद्ध खेळत होता. वृत्तपत्रांनी या घटनेची परीकथा केली. ७७२ हा आकडा नेमके काय मोजतो, हा प्रश्न त्या परीकथेत बाजूला पडला.

तळाच्या स्पर्धा

विलिसचा जन्म १९९० मध्ये इंग्लंडमधील स्लाउ येथे झाला. डावखुरा, चेंडूला कापून फिरकी देणारा, सर्व्हिसनंतर जाळीकडे धावणारा, ड्रॉप शॉटचा मनमुराद वापर करणारा असा त्याचा खेळ होता. ही शैली गवताच्या कोर्टवर खुलते. परंतु व्यावसायिक वर्षातील गवताचा हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा असतो, आणि उरलेले वर्ष अशा खेळाडूला आपल्या गुणांना फारसा वाव न देणाऱ्या पृष्ठभागांवर काढावे लागते. जून २०१४ मध्ये त्याने एकेरीत ३२२ वा क्रमांक गाठला. कारकिर्दीतील हा त्याचा सर्वोच्च क्रमांक होय. त्यानंतर दुखापतींमुळे तो खाली घसरत गेला.

या पातळीवरील खेळाडू ज्या स्पर्धा खेळत, त्यांना त्या काळी ‘फ्युचर्स’ म्हणत. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या देखरेखीखाली चालणाऱ्या या स्पर्धांपैकी सर्वांत लहान स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १०,००० डॉलर असे. ही रक्कम एका खेळाडूची नव्हे. ती एकेरीचे बत्तीस खेळाडू आणि दुहेरीच्या जोड्या यांच्यात वाटली जाई. १९९८ मध्ये ठरलेला हा आकडा जवळजवळ दोन दशके तसाच राहिला. विमानभाडे, निवास, रॅकेटच्या तारा आणि औषधोपचार यांचे दर अर्थातच थांबून राहिले नाहीत.

महासंघाने २०१३ च्या आकडेवारीवर आधारित एक सर्वेक्षण केले. त्या वर्षी स्त्री-पुरुष मिळून १३,७३६ खेळाडू व्यावसायिक स्पर्धांत उतरले होते. पुरुषांच्या एकूण बक्षीस रकमेपैकी सुमारे ६० टक्के रक्कम पहिल्या पन्नास खेळाडूंकडे गेली होती. प्रशिक्षकाचे मानधन वगळूनही पुरुष खेळाडूचा वार्षिक खर्च सरासरी ३८,८०० डॉलर येत होता. खर्च आणि बक्षीस यांची तोंडमिळवणी पुरुषांत ३३६ व्या, तर स्त्रियांत २५३ व्या क्रमांकाच्या आसपास होते, असे या सर्वेक्षणातून दिसले. ३२२ हा विलिसचा सर्वोच्च क्रमांक या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. आपल्या कारकिर्दीच्या शिखरावर असतानाही तो तोट्याच्या रेषेपासून केवळ चौदा पावले वर होता.

गुणांचे गणित

क्रमवारी ही मागील बावन्न आठवड्यांत मिळवलेल्या गुणांवरून ठरते. आठवडा सरला की गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्यातील गुण वजा होतात. खेळाडू आजारी असो, जायबंदी असो की तिकिटाला पैसे नसल्यामुळे घरी बसलेला असो, वजाबाकी चुकत नाही. त्यामुळे क्रमांक हे खेळाडूच्या कौशल्याचे निव्वळ माप राहत नाही. त्याने वर्षभरात किती स्पर्धा खेळल्या, म्हणजेच त्याला किती स्पर्धा परवडल्या, हेही त्यात मिसळलेले असते.

२०१६ च्या पूर्वार्धात विलिस फारशा स्पर्धा खेळलाच नव्हता. वृत्तपत्रांनी तेव्हा दिलेल्या माहितीनुसार त्या वर्षातील त्याची बक्षिसांची कमाई सुमारे २२० पौंड होती, आणि तीही ट्युनिशियातील एका लहान स्पर्धेतली. तो आईवडिलांच्या घरी राहत होता आणि वॉरिक बोट क्लबमध्ये तासाला ३० पौंड घेऊन टेनिस शिकवत होता. तासिका तत्त्वावरील नेमणूक ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना या व्यवस्थेबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही. स्पर्धात्मक टेनिस सोडून अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे प्रशिक्षकाची नोकरी धरण्याचे त्याने जवळजवळ निश्चित केले होते. निकटच्या व्यक्तीच्या आग्रहामुळे तो बेत लांबला.

सात सामने

विंबल्डनच्या पात्रता फेरीत थेट प्रवेश मिळण्याइतका त्याचा क्रमांक नव्हता. ब्रिटिश खेळाडूंसाठी पात्रता फेरीच्याही आधी एक पूर्व-पात्रता स्पर्धा होती, तीत त्याने तीन सामने जिंकले. त्यानंतर रोहॅम्प्टन येथील पात्रता फेरीत आणखी तीन. तेथे त्याने जपानचा युइची सुगिता आणि दोन तरुण रशियन खेळाडू यांना हरवले. त्या रशियन खेळाडूंची नावे होती आंद्रे रुब्लेव्ह आणि डॅनिल मेदवेदेव. पुढे रुब्लेव्ह जगातील पहिल्या पाचांत पोहोचला. मेदवेदेव २०२१ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेचा विजेता आणि २०२२ मध्ये जगातील अग्रमानांकित खेळाडू झाला. मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीत विलिसने ५४ व्या क्रमांकावरील लिथुआनियाच्या रिचार्डास बेरांकिसवर ६-३, ६-३, ६-४ असा विजय मिळवला.

हा सलग सातवा विजय होता. यातील एखादा सामना नशिबाने जिंकला असे म्हणता येईल. सातही सामन्यांबाबत असे म्हणणे अवघड आहे. एकच पृष्ठभाग, घरचे मैदान या सवलती मान्य केल्या तरी ७७२ व्या आणि ५४ व्या क्रमांकांच्या खेळांतील अंतर त्यांच्या उत्पन्नांतील अंतराच्या मानाने फारच थोडे होते, एवढे यातून निश्चित दिसते.

२९ जून रोजी फेडररने त्याला ६-०, ६-३, ६-४ असे नमवले. पहिला सेट एकही गेम न मिळता गेल्यावर दुसऱ्या सेटमध्ये विलिसने आपला पहिला गेम जिंकला, तेव्हा त्याने सामना जिंकल्यासारखे दोन्ही हात उंचावले आणि सारे प्रेक्षागृह उभे राहिले. उरलेल्या दोन सेटमधील सात गेम मात्र करमणुकीतून आलेले नव्हते. सतरा ग्रँड स्लॅम विजेतेपदे नावावर असलेल्या खेळाडूपुढे ते मिळवावे लागले होते.

दुसऱ्या फेरीसाठी विलिसला ५०,००० पौंड मिळाले. त्या वर्षीच्या विजेत्याची रक्कम २० लाख पौंड होती. गुणांचा हिशेब अधिक बोलका आहे. पात्रता फेरी पार केल्याचे २५ आणि दुसरी फेरी गाठल्याचे ४५, असे एकूण ७० गुण त्याच्या खात्यात जमा झाले. सर्वांत लहान फ्युचर्स स्पर्धेच्या विजेत्याला १८ गुण मिळत. म्हणजे अशा चार स्पर्धा, प्रत्येकी पाच सामने जिंकून, खिशात घातल्या असत्या तर त्याचे ७२ गुण झाले असते. त्या वीस विजयांची बक्षीस रक्कम विंबल्डनच्या तुलनेत किरकोळ ठरली असती आणि चार ठिकाणचा प्रवासखर्च तीतूनच भागवावा लागला असता. वर जाण्याची वाट अशा रीतीने मोठ्या स्पर्धांतूनच जाते, आणि त्या स्पर्धांचे दार आधीच वर असलेल्यांना उघडते. विलिससाठी ते किलकिले झाले, याचे कारण तो विंबल्डन ज्या देशात भरते त्या देशाचा नागरिक होता. विंबल्डनच्या नफ्याचा मोठा हिस्सा ब्रिटिश टेनिस संघटनेला मिळतो. पूर्व-पात्रता स्पर्धेसारखी सोय तेथे परवडते. ट्युनिशिया किंवा भारतातील ७७२ व्या खेळाडूला असा मार्ग उपलब्ध नाही. भारताच्या सुमित नागलने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या बँक खात्यात केवळ ९०० युरो उरल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा तो देशातील पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू होता.

त्यानंतरची वर्षे

२०१७ मध्ये विलिसने पुन्हा विंबल्डनच्या पात्रतेचा प्रयत्न केला. अखेरच्या पात्रता सामन्यात युक्रेनच्या इल्या मार्चेन्कोकडून तो हरला. दुहेरीत मात्र तरुण जे क्लार्कच्या साथीने त्याने गतविजेते पिएर-ह्यूज हर्बर्ट व निकोलस माहुत यांना पाच सेटमध्ये पराभूत केले. तिसऱ्या फेरीत ही जोडी बाहेर पडली. या विजयाला मागील वर्षाच्या मानाने फारच थोडी प्रसिद्धी मिळाली, यात नवल नाही. वृत्तपत्रांना दुहेरीत क्वचितच रस असतो. गुणवत्तेच्या दृष्टीने तो बेरांकिसवरील विजयापेक्षा कमी नव्हता. २०२१ मध्ये विलिसने निवृत्ती जाहीर केली. २०२२ मध्ये तो दुहेरीपुरता परतला.

दरम्यान या उतरंडीला हात घालण्याचे काही प्रयत्न झाले. २०१७ पासून लहान स्पर्धांची किमान बक्षीस रक्कम १५,००० डॉलर झाली. २०१९ मध्ये महासंघाने अधिक मूलगामी योजना आणली : खऱ्या अर्थाने व्यावसायिक म्हणता येतील असे खेळाडू पुरुषांत सुमारे ७५० आणि स्त्रियांत तितकेच असावेत, आणि सर्वांत लहान स्पर्धांना मुख्य क्रमवारीचे गुण नसावेत. मर्यादित संख्येला पुरेसे उत्पन्न, असा तिचा हेतू होता. परंतु खालच्या खेळाडूंना वर येण्याची शिडीच काढून घेतली जात असल्याचा आक्षेप जगभरातून आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गुण पूर्ववत करावे लागले. ही योजना तीन वर्षे आधी लागू असती तर ७७२ व्या क्रमांकाचा विलिस व्यावसायिक खेळाडूच ठरला नसता.

२०२४ पासून पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेने किमान उत्पन्नाच्या हमीची योजना सुरू केली. तिच्यानुसार २०२४ मध्ये पहिल्या शंभरातील खेळाडूची वर्षाची बक्षीस कमाई ३,००,००० डॉलरपेक्षा कमी पडल्यास तूट संघटना भरून देणार होती. त्याखालील खेळाडूंना टप्प्याटप्प्याने कमी हमी होती. ही हमी २५० व्या क्रमांकापाशी संपत होती. जून २०१४ मधील विलिस, आपल्या सर्वोत्तम दिवसांत, तिच्या बाहेर बहात्तर स्थाने खाली राहिला असता.