रॅम बसली, पण जुळली का?

बनशंकरी म्हटले की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना बदामीजवळची आपली कुलदेवता आठवते. बंगळूरमध्ये मात्र बनशंकरी ही शहराच्या दक्षिणेकडची भली मोठी वस्ती आहे. कनकपुरा रस्त्यावरच्या बनशंकरी अम्मांच्या मंदिरावरून तिला हे नाव पडले. टप्प्याटप्प्याने वाढलेल्या या वस्तीत पेन्शनीत निघालेली मंडळी आहेत, पीईएस विद्यापीठात शिकणारी मुले आहेत, संगणक कंपन्यांत नोकरी करणारी जोडपी आहेत. अशा घरांतून कोपऱ्यातल्या टेबलावर आठ-दहा वर्षांचा एखादा डेस्कटॉप हमखास सापडतो. सकाळी तो सुरू करावा, चहाचे आधण ठेवून यावे, तरी पडद्यावरचे चक्र आपले फिरतेच आहे!

मग कुणीतरी सल्ला देते, ‘नवा कशाला घेता? रॅम वाढवा.’ सल्ला तसा रास्त आहे. हार्ड डिस्क हे स्वयंपाकघरातले कपाट मानले, तर रॅम म्हणजे ओटा. कपाट कितीही मोठे असो, ओटा वीतभर असेल तर एक भांडे उचलल्याशिवाय दुसरे ठेवता येत नाही. रॅम कमी पडली की संगणकाची हीच उठाठेव चालते आणि काम रेंगाळते.

बनशंकरीकरांना बाजारही लांब नाही. जून २०१७ मध्ये मेट्रोची हिरवी मार्गिका पूर्ण सुरू झाल्यापासून बनशंकरीहून कृष्णराजेंद्र मार्केटला गाडी न बदलता जाता येते. तिथून जवळच सदर पत्रप्पा रस्ता, म्हणजे सगळ्या बंगळूरचा ‘एस. पी. रोड’. अरुंद रस्ता, दोन्ही अंगांना संगणकाच्या सुट्या भागांची खच्चून भरलेली दुकाने. नवे मिळते, जुने मिळते, उतरवलेलेही मिळते. मात्र ‘एष्टु?’ म्हणून भाव विचारण्याआधी आपल्या यंत्राला नेमके काय चालते, हे ठाऊक हवे. नाही तर पट्टी घरी येते, स्लॉटमध्ये बसतेही, पण पडदा काळाच राहतो. मग पट्टी खराब निघाली म्हणून दुकानदाराशी वाद होतो, नाही तर संगणकच गेला असे समजून तो भंगारात निघतो. खरे तर अशा वेळी पुष्कळदा दोघेही धडधाकट असतात. जुळलेली नसते ती फक्त जोडी!

आधी पत्रिका पाहा

पहिला प्रश्न पिढीचा. डीडीआर-३ रॅम २००७ च्या सुमारास आली, डीडीआर-४ २०१४ मध्ये आणि डीडीआर-५ चे घरगुती संगणक २०२१ च्या अखेरीस. डीडीआर-३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर-४ ला १.२ आणि डीडीआर-५ ला १.१. प्रत्येक पिढीच्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोघींनाही २८८ पिना आहेत, तरी खाच निराळी. पट्टी सहज बसत नसेल, तर जोर लावू नका. तिथे जोर लावणे म्हणजे मदरबोर्डावर पाणी सोडणे.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. प्रत्येक मदरबोर्ड आणि प्रोसेसर ठरावीक रॅमच पेलतो. २०११ नंतर घरोघरी पोहोचलेल्या एच-६१ जातीच्या मदरबोर्डाला दोन स्लॉट आणि एकूण १६ जीबीची मर्यादा. तिथे १६ जीबीची एकच पट्टी आणून उपयोग नाही. विंडोजची आवृत्ती ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम तिला वापरताच येत नाही. ‘आठ टाकली आणि चारच दिसते’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथे असते.

तिसरा प्रश्न जातीचा, आणि फसगत होते ती इथेच. सर्व्हरमधून उतरवलेल्या ‘रजिस्टर्ड’ पट्ट्या स्वस्तात मिळतात. डीडीआर-३ किंवा डीडीआर-४ ची अशी पट्टी घरच्या संगणकात व्यवस्थित बसते, पण चालत नाही. काही स्वस्त डीडीआर-३ पट्ट्या फक्त एएमडी प्रोसेसरच्या संगणकासाठी असतात. इंटेलच्या यंत्रात त्या मुक्या राहतात. आटोपशीर, छोट्या डेस्कटॉपना तर अनेकदा लॅपटॉपची आखूड पट्टी लागते.

यावर उपाय साधा आहे. जुन्या पट्टीवरचे लेबल वाचा. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर-३, ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर-४. ‘पीसी३एल’ असेल तर ती कमी दाबाची, १.३५ व्होल्टवरही चालणारी. पुढच्या अक्षरांत ‘यू’ असेल तर पट्टी साध्या डेस्कटॉपची, ‘एस’ लॅपटॉपची, ‘आर’ सर्व्हरची. लेबलचा आणि मदरबोर्डावरच्या नावाचा मोबाइलवर फोटो काढा. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या पट्ट्यांची यादी असते, ती पाहा. शक्य असल्यास जुनी पट्टीच रुमालात न गुंडाळता, स्थिर विजेपासून बचाव करणाऱ्या पिशवीत घालून दुकानात न्या.

पट्टी बसवली, पडदा काळा!

अशा वेळी घाबरून जाऊ नये. संगणक बंद करून पॉवरची केबल काढा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर पेन्सिलीच्या खोडरबराने हलका हात फिरवा आणि कण झटकून टाका. मग पट्टी पुन्हा बसवा. दोन्ही टोकांना ‘टक’ असा आवाज यायला हवा. जिथे एकाच बाजूला क्लिप असते, तिथे दुसरे टोकही नीट दाबले गेले आहे ना, ते पाहा. पट्टी अर्धवट बसणे हे काळ्या पडद्याचे नेहमीचे कारण आहे.

तरीही चालत नसेल तर एका वेळी एकच पट्टी लावून पाहा. आधी जुनी, मग नवी. नवी एकटी चालली आणि जुनीही एकटी चालली, पण दोघी मिळून चालत नसतील, तर भांडण त्या दोघींचे आहे. चार स्लॉट असतील तर पुस्तिकेत दाखवलेल्या दोनच स्लॉटमध्ये जोडी बसवा. बहुतेक बोर्डांवर ते प्रोसेसरपासून मोजल्यास दुसरे आणि चौथे असतात. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र नांदू शकतात, पण चाल मंद पट्टीची राहते. एकसारखी जोडी एकदम घेतलेली बरी, असे जाणकार म्हणतात ते याचसाठी.

बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारी ‘एक्सएमपी’ सोय चालू असेल तर ती बंद करून पाहावी. बायोसची जुनी नोंद पुसण्यासाठी, वीज काढलेली असताना बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे काढून ठेवतात. डीडीआर-५ च्या संगणकाची गोष्ट निराळी. नवी पट्टी ओळखून घ्यायला पहिल्या खेपेस त्याला काही मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ पडदा काळा असला तरी मध्येच बटण दाबू नये.

संगणक सुरू झाला म्हणजे काम संपले असेही नाही. मेमटेस्ट-८६ या मोफत प्रोग्रामने रात्रभर तपासणी करावी. एकही चूक दिसली तर पट्टी परत करावी. कारण सदोष रॅम केवळ संगणक बंद पाडत नाही. साठवल्या जाणाऱ्या फायलीही ती गुपचूप नासवते. मुलांचा प्रकल्प, घरखरेदीची कागदपत्रे, लग्नाचे फोटो यांची दुसरी प्रत कॅबिनेट उघडण्यापूर्वीच काढून ठेवलेली असावी.

खर्च करावा की नाही?

हा हिशेब मात्र घरच्यांनी बसून करावा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, पण तेवढ्याने भागत नाही. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. त्याहून जुन्या यंत्रात कितीही रॅम घातली तरी ही अट पुरी होत नाही. अशा यंत्रावर लिनक्स चालवणे हा एक मार्ग आहे. लिहिणे-वाचणे, ई-मेल, गाणी यांना ते पुरते.

शिवाय २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांसाठी मेमरीची मागणी वाढली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशल’ या नावाने चालणारा आपला घरगुती ग्राहकांचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. म्हणूनच चुकीची पट्टी घेणे पूर्वीपेक्षा महागात पडते. पक्के बिल घ्यावे, पट्टी जुळली नाही तर बदलून मिळेल का ते आधीच विचारावे आणि जमल्यास कॅबिनेटच दुकानात नेऊन, चालू करून दाखवायला सांगावे.

एवढे करूनही यंत्र जुमानले नाही, तर ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. आत शिसे असते, तांबे असते. बंगळूरमध्ये ई-कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावणारे अधिकृत उद्योग आहेत, त्यांच्याकडे ते सोपवावे. पण ही वेळ येण्याआधी एक पट्टी काढून, पुसून, पुन्हा बसवून पाहायला काय हरकत आहे? खोडरबर तर घरात असतेच!